कोऱ्या कागदावरचा अंगठा

देवजी, तुझ्या दिवसकार्याला मी आलो होतो. पोचायला उशीर झाला. वाणगावला उतरून पाऊलवाटेने निघालो, पण ओढ्याला पाणी होतं आणि तो कुठे ओलांडायचा ते मला ठरवता येईना. इतकी वर्षं त्या वाटेने आलो, पण उतार नेहमी तू दाखवायचास. मी कधी नीट पाहिलंच नव्हतं. शेवटी चपला हातात घेऊन चुकीच्या जागी उतरलो आणि मांडीपर्यंत भिजलो. अंगणात आलो तेव्हा माणसं जेवून उठली होती. खाट मोकळी होती, पण तुझ्या बायकोने, सोनीने, दाराजवळच्या काळ्या दगडाकडे हात केला.

"बस. तुजा दगड हाय तितंच हाय."

त्याच दगडावर तू मला पहिल्यांदा बसवलं होतंस. तेव्हा मी पालघरच्या कोर्टात नवा बेलीफ होतो. कोर्टाचे कागद माणसांपर्यंत पोचवायचे, हे माझं काम. कुणावर दावा झाला की त्याच्या हातात समन्स द्यायचं, म्हणजे अमुक तारखेला येऊन तुझं म्हणणं मांड, असं त्याला कळवायचं. आणि दावा संपून ताब्याचा हुकूम झाला की हरलेल्याकडून जमीन काढून जिंकलेल्याच्या हातात द्यायची. त्या दिवशी मी उन्हात वाट चुकलो होतो आणि तू कूड सारवत होतास.

"कनाला बुडवाया चाललास?" तू विचारलंस.

"कुणाला नाही. नुसता कागद द्यायचाय."

"कागद पोचला का मानूस बुडतोच. पानी पी, मंग जा."

तू मला 'तू' म्हणालास याचा मला त्या वेळी राग आला होता. पुढे कळलं की तू जज्जसाहेबांनाही 'तू'च म्हणणार.

मग तू माझा पंच झालास. ताबा घ्यायचा किंवा बंद दाराला समन्स चिकटवायचं, तर दोन पंच लागतात. जे घडलं ते आम्ही पाहिलं म्हणून त्यांनी सही नाहीतर अंगठा द्यायचा. डोंगरातल्या पाड्यांवर या कामाला कुणी पुढे येत नसे. शेजाऱ्याची जमीन जाताना साक्षीला उभं राहायला कुणाला आवडेल? तू आलास. मी कारण विचारलं तेव्हा म्हणालास, "कोनतरी पाह्यला पायजे. नाय तर तुमी कायबी लिवाल."

आणि तू खरंच पाहायचास. ताबा देताना शेतातलं एक ढेकूळ काढून जिंकलेल्याच्या हातावर ठेवायची रीत आहे. मी ते वाकून बांधावरूनच उचलायचो, तर तू अडवायचास. "ही माती दोगांची हाय. मदनं काढ." दरवेळी मला शेताच्या मधोमध चालायला लावायचास. निघताना कागद वाचून दाखव म्हणायचास, आणि मी वाचला की मगच उजवा अंगठा पुढे करायचास. त्या अंगठ्यावर विळ्याची जुनी आडवी भेग होती. कागदावर ती पांढरी रेघ होऊन उठायची.

हे सगळं मोडलं ते मी मोडलं. कापणीचे दिवस होते. मी तिसऱ्यांदा तुला खाचरातून बोलावून नेत होतो आणि तुझं भात तसंच उभं होतं. मी म्हटलं, देवजी, चार-सहा कोऱ्या कागदांवर अंगठे देऊन ठेव, म्हणजे तुला दरवेळी हातातलं काम टाकून यायला नको. तू हसलास.

"सासऱ्याने पोरगी देताना बी माज्यावर येवडा इस्वास ठेवला नवता."

तरी दिलेस. हात धोतराला पुसून, एकेका कागदाच्या तळाशी. शेजारी मी माझ्या अक्षरात तुझं नाव लिहिलं, अशाच दुसऱ्या एका पंचाचे अंगठे घेतले, आणि तो गठ्ठा माझ्या पिशवीत राहिला; संपत आला की तू पुन्हा अंगठे देत गेलास. माझ्यासारखे काम करणारे आणखीही होते, असं सांगून मी स्वतःला सोडवत नाही. पुढे कितीतरी दारांना मी समन्सं चिकटवली, आणि तू खाचरात असताना तुझा अंगठा त्या दारांशी हजर राहिला.

मग एका पौषात तुझ्याच नावाचं समन्स माझ्या हातात आलं.

वादी किनाऱ्याकडचे बागायतदार होते. ओढ्याच्या वरचा गवताचा माळ त्यांचा. खाली ओढ्याकाठचं तुझं खाचर आपल्याच सर्व्हे नंबरात येतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्याकडे एक नकाशा होता आणि तो त्यांना खरा वाटत होता. खाचर कुणाचं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. ते ठरवणं कोर्टाचं काम. पण ठरवायच्या आधी तुझं ऐकायला हवं होतं, आणि तुला तिथवर आणणं हे माझं काम होतं. बाकी तुझी सगळी वरची जमीन नाचणी-वरईची. वर्षाचं भात त्या एका खाचरात व्हायचं.

तू तेव्हा घरी नव्हतास. भात झोडून झाल्यावर तू आणि सोनी दरवर्षीसारखे खाडीवरच्या मिठागरावर गेला होतात. होळीला परत येऊ, असं तूच मला स्टेशनवर सांगितलं होतंस. बोईसरला उतरून तासभर चाललो असतो तर तुझ्या हातात कागद देता आला असता.

आता जे लिहितो आहे ते तुला माहीत नाही.

मी मिठागरावर गेलो नाही. तुझ्या घरीही गेलो नाही. बंद दाराला कागद चिकटवायला चार तासांची पायपीट कशाला, असं मला वाटलं. होळीला तू आलास की हातातच देईन, तारीख त्यानंतरची आहे, असा हिशोब केला आणि वाणगाव स्टेशनच्या बाकावर बसून अहवाल लिहिला. 'प्रतिवादीचे घर बंद आढळले. पंचांसमक्ष समन्सची प्रत दारास चिकटवली.' पिशवीतल्या गठ्ठ्यातून वरचा कागद ओढला होता. तळाशी कुणाचं नाव आहे, ते पाहिलंही नाही. सवयच तशी झाली होती.

होळीला मला दुसऱ्या बाजूच्या गावांची कामं लागली. समन्सची प्रत पिशवीच्या अस्तराशी गेली आणि माझ्या डोक्यातूनही गेली. आठवली तेव्हा तारीख होऊन गेली होती. कोर्टाच्या पडवीत तुझं नाव तीनदा पुकारलं गेलं होतं, कुणी ओ दिली नव्हती, आणि पुढे एकतर्फी हुकूम झाला: खाचराचा ताबा वादीला द्यावा.

त्या पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत मी तुझ्याकडे तीनदा येऊन जेवलो, देवजी. एकदा त्याच खाचरातला नवा तांदूळ होता. बोललो नाही. बागायतदार हुकूम बजावून घेणार नाहीत, एवढ्याशा तुकड्यासाठी कोण धावेल, असं मनाशी म्हणत राहिलो. पुढच्या साली त्यांनी ताब्यासाठी अर्ज केला, त्याची नोटीस तुझ्या हातात पडली, आणि तू पालघरला धावत आलास. वकिलाने तुझ्या वतीने अर्ज दिला, की समन्स मिळालंच नाही, हुकूम रद्द करून माझं ऐकावं.

चौकशीच्या दिवशी बागायतदारांच्या वकिलांनी माझा अहवाल काढला. ते पंच म्हणून तळाशी असलेलं तुझंच नाव वाचून थांबले, तेव्हा मला पहिल्यांदा कळलं मी काय करून बसलो होतो. देवजी नावाची माणसं आमच्याकडे पाड्यापाड्याला दोन-दोन. म्हणून ते आधी कुणाच्या डोळ्यांत भरलं नसावं. वकिलांनी कागद तुझ्यासमोर धरला.

"हा अंगठा कुणाचा?"

तू वाकून पाहिलंस. "माजाच. मदी भेग हाय ना."

"म्हणजे समन्स लावताना तुम्ही स्वतः हजर होता."

"नाय. मी मिठागरावर व्हतो."

"मग अंगठा एकटाच चालत आला?"

लोक हसले. जज्जसाहेबांनी विचारलं, हे कसं झालं? तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ नाही. ओढ्यात पाय टाकण्याआधी पाणी बघतात तेवढंच. मग म्हणालास, "तू इचारतोस, पन मना आठवत नाय."

नंतर मला बोलावलं. मी शपथेवर सांगितलं, "नोंदीत आहे तसंच घडलं." अर्ज फेटाळला गेला. खरं बोललो असतो तर नोकरी गेली असती, कदाचित खटलाही झाला असता. हे कारण आहे. ते पुरेसं नव्हतं, हे मला पिंजऱ्यात उभा असतानाच ठाऊक होतं.

बाहेर आल्यावर मी तुला टाळून निघालो होतो. तूच चहाच्या बाकड्यावरून हाक मारलीस. "भाऊ, बस. च्या पी." आणि कप हातात आल्यावर विचारलंस, "पंच नवते ते नवते. पन कागद तरी लावलास का दाराला?"

मी म्हटलं, "लावला."

"मंग शेळीने खाल्ला," तू म्हणालास, आणि तुझ्यापुरता तो विषय मिटला.

त्या दिवसापासून तुमची करडी शेळी 'वकिलीण' झाली. ती कुडाला तोंड लावायला लागली की सोनी ओरडायची, "समन्स खाऊन पोट नाय भरला तुजा?" काठीही घालायची. मी दगडावर बसून हे ऐकायचो आणि तुमच्याबरोबर हसायचो.

आपला वादही त्याच बाकड्यावर सुरू झाला. मी म्हणालो, चूक माझी. तू म्हणालास, अर्धी. मी विचारलं, तुझी कसली अर्धी? तू वरच्या पाड्यावरच्या म्हातारीचं नाव काढलंस. "तिच्या दाराला कागद लावलास तवा मी कुटं व्हतो? घरी, भात झोडीत व्हतो. अंगठा मात्र तितं गेलता. तिला कोनी इचारला, देवजी व्हता का? ती बोलली आसल, नाय. कोन ऐकतो? आता तो माज्याच दाराला आला."

पुढे कितीदा भेटलो, तितक्यांदा हा वाद झाला. मला चिडायला व्हायचं. एकदा मी म्हटलं, "देवजी, माझी चूक मला पुरी घेऊ दे." तू विडी विझवलीस आणि अगदी शांतपणे म्हणालास, "अर्धी मना ठेव. खाचर गेला. मना बी कायतरी नको?"

ताब्याचं वॉरंट माझ्याच नावावर निघालं. दुसऱ्या बेलीफाला द्या, असं आमच्या वरिष्ठांना, नाझरांना, सांगायचं मी ठरवलं होतं. ते नको, हे तूच सांगितलंस. "दुसरा आला तर गडबड करील. तूच ये." वैशाख होता. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, तो राब तू खाचराच्या एका कोपऱ्यात आधीच भाजून ठेवला होतास. सगळं तयार होतं, फक्त पेरायचं बाकी. वादीची माणसं बांधावर उभी होती. पंच त्यांनीच आणले होते, आणि या वेळी ते खरोखर हजर होते. ढेकूळ काढायची वेळ आली तेव्हा मी बांधाशीच वाकलो.

"मदनं काढ," तू म्हणालास.

मी मधे गेलो. जमीन वाळून दगड झाली होती, बोटांना दाद देईना. तू घरातून पहार आणून दिलीस, मग माझे हात पाहून परत घेतलीस आणि स्वतःच एक घाव घातलास. निघालेलं ढेकूळ माझ्या हातात ठेवलंस. मी ते बागायतदारांच्या हातावर ठेवलं. त्यांनी एकदा तुझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तू वादीच्या गड्याला बोलावून सांगितलंस, "कोपऱ्यात राब भाजलेला हाय. पेरून घ्या, फुकट घालवू नका." सोनी बाहेर आली नाही.

त्यानंतर तू तारापूरकडे वीजकेंद्राच्या बांधकामावर जाऊ लागलास. सहा दिवस तिकडे, एक दिवस घरी. मला भेटलास की हजेरीच्या गोष्टी सांगायचास. तिथेही रोज अंगठा लागायचा आणि तू मुकादमाला आधी कागद वाचायला लावायचास. तो म्हणायचा, "आओ वकीलसाब, आपके बिना काम रुका है." हे सांगताना तुला फार हसू यायचं. मला येत नसे, कारण तू काय शिकला होतास आणि कुणाकडून, ते मला कळत होतं.

तू तापाने पडलास तेव्हा दोनदा येऊन गेलो. दुसऱ्या वेळी पिशवीत ती प्रत मुद्दाम वर काढून ठेवली होती. आज सांगायचंच, असं ठरवून आलो होतो. तू अर्धी चूक उचलली होतीस ती कागद दाराला लागला होता असं समजून. लागलाच नव्हता, हे कळलं असतं तर तू तुझी अर्धी परत केली असतीस का? की तेव्हाही काहीतरी वाटा मागितला असतास? तू डोळे मिटून पडला होतास. मी पाय चेपत बसलो. जाग आली तेव्हा तू म्हणालास, "ओडा उतरताना डावीकडनं जा, उजवीकडं खोल झालाय." मी बरं म्हटलं. एवढंच झालं. तुझ्या दिवसाला येताना मी उजवीकडूनच उतरलो, देवजी. तेही विसरलो होतो.

तर तुझ्या दिवसाला, माणसं पांगल्यावर, मी दगडावर बसूनच ती प्रत काढली आणि सोनीला सगळं सांगितलं. स्टेशनचा बाक, अहवाल, कोर्टातली शपथ, चहाच्या बाकड्यावर तुला दिलेलं खोटं उत्तर. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. तिने कुडाजवळ बांधलेल्या शेळीकडे पाहिलं.

"म्हंजे हिने नाय खाल्ला."

"नाही."

"उगाच मारली मी तिला."

ती उठली, सुपातली मूठभर कणी शेळीपुढे टाकून आली. मग विचारलं, "काय लिवलाय त्यात?" मी वाचलं: आपणांस कळविण्यात येते की, आपण जातीने अगर वकिलामार्फत हजर राहून आपले म्हणणे मांडावे.

"इतकाच?"

"इतकंच."

"तो बोलला आसता," सोनी म्हणाली. "तासभर बोलला आसता. जज्जाला 'पुरे' बोलाया लागला आसता."

मग सूप बाजूला ठेवून तिने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसात पहिल्यांदाच. "आता मी बोलले तर चालंल का?"

म्हणून आम्ही मागच्या आठवड्यात पालघरला गेलो. वकील म्हणाले, सोपं नाही, वेळ फार गेलाय. पण बेलीफ स्वतः शपथेवर सांगत असेल की समन्स बजावलंच नाही, तर हुकूम खोट्या अहवालावर मिळाला म्हणून नवा दावा लावता येईल. कदाचित खाचर परत मिळेल, कदाचित नाही. निदान खाचर कुणाचं यावर दोन्ही बाजू ऐकल्या जातील. त्यांनी मला विचारलं, परिणाम ठाऊक आहेत ना? मी हो म्हटलं. नाझरांना मी आधीच सांगितलं होतं. त्यांनी पिशवी जमा करून घेतली. त्यात तुझ्या अंगठ्याचे दोन कोरे कागद अजून होते; ते मी त्यांच्यासमोर टेबलावर मांडले. घरी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, हे आधी सांगायचं होतंत, त्याला सांगायचं होतंत.

प्रतिज्ञापत्र टाइप होताना मी सांगितलं, चूक सर्वस्वी माझी, असं घाला. सोनी शेजारी उभी होती. "तो आसता तर अर्धी मागला आसता," ती म्हणाली. मी म्हटलं, हो, मागितली असती. आणि टायपिस्टला सांगितलं, आहे तसंच राहू दे. एवढ्या वर्षांच्या वादात या एका ठिकाणी मी तुझं ऐकलं नाही. तू नाहीस म्हणून जिंकलो, हे मला कळतं.

मग सोनीच्या वकीलपत्राची वेळ आली. कारकुनाला घाई होती. त्याने छापील कोरा कागद तिच्यापुढे सरकवला, शाईचा पॅड उघडला आणि म्हणाला, "इथं अंगठा द्या बाई, मी मागाहून भरून घेतो."

सोनीने हात पदराखाली घेतला.

"आदी लिव," ती म्हणाली. "मंग वाच. मंग अंगठा."

कारकुनाने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. त्याने खुर्ची पुढे ओढली, टाकाचं टोक पुसलं आणि लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर त्याने सगळं वाचलं, पहिल्या ओळीपासून, तुझ्या नावासकट. सोनी उभी राहून ऐकत होती. मधे एकदा तिने त्याला थांबवलं आणि ओढ्याचं नाव चुकलंय म्हणून सांगितलं.